कॉरिडॉरमधले नऊ

संध्याकाळचे सात वाजून गेले तेव्हा बदलीची नर्स एकदाची दारात दिसली आणि रोंडाच्या जिवात जीव आला. दोन तासांवर, लबकच्या हॉस्पिटलात, तिची लेक बाळंत होत होती. जावई भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. लेकीजवळ कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

पण हातातले पेशंट दुसरीच्या हवाली केल्याशिवाय नर्सला जागचं हलता येत नाही. हलली तर लायसन्स गेलंच म्हणून समजा. आणि इमर्जन्सीत कॉरिडॉरमधल्या खाटा कायम कंत्राटी नर्सच्याच गळ्यात. तीन महिन्यांची पाहुणी ना, मग राबवा तिला. रोंडा वर्षानुवर्षं अशी गावोगाव राबत होती.

आलेली शॉनाही कंत्राटीच, आज तिचा पहिला दिवस. ती कॉरिडॉरच्या तोंडाशीच थबकली. रोंडा लगबगीनं पुढे झाली.

"आलीस बाई. हे बघ, पहिल्या खाटेवर..."

"थांब. एक अक्षर बोलू नकोस," शॉना म्हणाली. "ऐकलं की ते माझे झाले. आधी सांग, किती जण आहेत?"

तिचं काही चुकत नव्हतं. पेशंटची माहिती ऐकून घेईपर्यंत ती मोकळी होती. एकदा ऐकली की अडकली.

चार म्हटलं असतं तर पोरीनं मान डोलावली असती. चार सगळ्यांनाच चालतात. वळणापलीकडच्या पाच खाटा तिथून दिसतही नव्हत्या. रोंडाच्या खिशात फोन थरथरत होता.

"नऊ," ती म्हणाली.

"एकटीनं नऊ? नाही गं बाई, मला नाही जमायचं. कुणाचं काही बरंवाईट झालं तर लायसन्स माझं जाईल." शॉनानं पिशवी खांद्यावर सारखी केली आणि आली तशी निघून गेली.

मुख्य नर्सनं काउंटरवरूनच सांगितलं, "दुसरी कोणी मिळते का बघते, रोंडा. तोवर सांभाळ ना तेवढं." तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते तिनं सांगितलं नाही. रोंडाला रडू कोसळेलसं वाटलं, पण रडायलाही तिथे आडोसा नव्हता.

पहिल्या खाटेवरचा हॅस्केल म्हातारा सगळं ऐकत होता. "चार म्हणायचं होतंस की, पोरी."

"आणि उरलेल्या पाचांत तुम्ही असता तर?"

फोन पुन्हा थरथरला तेव्हा रोंडानं तो कानाला लावला.

"आई, निघालीस ना गं?" लेकीच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हता.

"निघाले की. गाडीतच आहे. तू फक्त श्वास घे, राणी."

शेजारी हॅस्केल म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. त्यानं उशीत तोंड खुपसून ती दाबून धरली.