फियाटचे नवे उंबरठे

"काकी उतरल्याशिवाय मी कटर चालू करनार न्हाय," हिरामण वेल्डर म्हणाला आणि माडाला टेकून बसला.

अंगानं भरभक्कम भागुबाई फियाटच्या पुढच्या डाव्या सीटवर बसली होती. मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली. म्हणजे बाई तयारीनं आली होती.

कोळीवाड्यात होड्या वर काढतात तिथंच गाडी पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती. हिरामणचा हात होड्यांवर बसलेला, त्यामुळे ठोकळेही त्यानं होडीला लावतात तसेच लावले होते. गाडीच्या दारांखाली दोन्ही बाजूंना लोखंडी पत्र्याचे उंबरठे असतात आणि सगळा सांगाडा त्यांच्या जिवावर उभा असतो. या गाडीचे उंबरठे खाऱ्या वाऱ्यानं आणि मासळीच्या टोपल्यांतून वर्षानुवर्षं गळलेल्या पाण्यानं पार खाऊन टाकले होते. नुसतं बोट लावलं तरी पापुद्रे निघत. ते कापून नवे बसवायचे होते.

बसवायचे होते ते गाडी विकण्यासाठी. मुंबईच्या मृणालबाईंचा किहीमला बंगला होता आणि ही जुनी निळी फियाट त्यांच्या मनात भरली होती. भागुबाईच्या मुलाला, कमलेशला, मासळीसाठी टेम्पो हवा होता. दोघांचं झटक्यात जमलं. भागुबाईला मात्र कोणी विचारलंच नाही. नवऱ्याची म्हणून तिच्याजवळ ही एकच वस्तू राहिली होती आणि ती तिला कोणालाही द्यायची नव्हती.

"आये, उतर ना गो. लोकं बगतान," कमलेश म्हणाला.

"बगू दे. या सीटवर मला तुज्या बापसानं बसवली. उतरवायची असल तर त्यानं येऊन उतरवावी."

बाप जाऊन काही वर्षं झाली होती.

दुपार व्हायला आली तसा हिरामणचा धीर सुटला. पेट्रोलची टाकी त्यानं आधीच काढून लांब नेऊन ठेवली होती. भागुबाईच्या अंगावर त्यानं ओलं गोणपाट टाकलं, तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि कटर चालू केला. ठिणग्या उडाल्या. बाई हलली नाही. निम्मा कोळीवाडा बघायला जमला. काही जणांनी फोटोही काढले, आणि त्यांच्याकडं भागुबाईनं चष्म्यातूनच रागानं पाहिलं, पण ते कोणाला दिसलं नाही.

जुने उंबरठे निघाले तशी गाडी मधोमध किंचित खाली बसली. हिरामणनं दारं नव्या मापानं बसवली, बिजागऱ्या आवळल्या आणि लावून पाहिली. अशी चपखल लागली की तो स्वतःवरच खूष झाला.

तेवढ्यात भागुबाईचा डबा संपला. "उतरते मी आता," ती म्हणाली. "पाय आखडले."

"अजिबात हलू नका!" हिरामण ओरडला. "दारं आत्ता कुटं बरोबर बसलीत. तुमी हललात तर माजं सगळं माप जाईल."

सकाळपासून जिला उतरण्यासाठी विनवत होते, तिलाच आता बसून राहण्यासाठी विनवण्या सुरू झाल्या. कमलेश धावत जाऊन चहा घेऊन आला. भागुबाईनं तो बशीत ओतून सावकाश प्यायला. उन्हं कलेपर्यंत दोन्ही उंबरठे जोडून झाले. ती उतरली तेव्हा गाडीतून कर्र असा आवाज आला. वेल्डिंग थंड होताना पत्रा बोलतोच, असं हिरामणनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

मग रंग लावला. तो वाळेपर्यंत दारं उघडीच ठेवली होती.

रविवारी मृणालबाई आल्या. गाडी पाहून लहान मुलीगत टाळ्या वाजवल्या, स्टिअरिंगमागे बसल्या आणि दार ओढलं. दार लागेना. हिरामणनं बाहेरून ढकललं. मग कमलेशनं ढकललं. मग दोघांनी मिळून. चारही दारांची तीच तऱ्हा, बोटभर अलीकडेच अडत होती. मृणालबाई योगासनं करणाऱ्या, अंगानं सडपातळ. त्या आत बसल्याचं गाडीला कळलंही नव्हतं.

हिरामणनं डोकं खाजवलं. मग त्याची नजर पलीकडं सुकट निवडत बसलेल्या भागुबाईवर गेली आणि त्याचा चेहराच पडला.

"ताई, तुमी जरा उतरा," तो मृणालबाईंना म्हणाला. आणि मग हळूच, "काकी, जरा बसता काय?"

भागुबाई हात झटकत उठली आणि आपल्या सीटवर जाऊन बसली. गाडी खाली दबली. हिरामण भोवती फिरला. चारही दारं एका बोटानं लागली.

मृणालबाईंनी दारांकडं पाहिलं, मग भागुबाईकडं. "हे पुन्हा दुरुस्त होईल ना?"

"उंबरठे परत कापले तर नव्यातलं काय उरायचं न्हाय," हिरामण जमिनीकडं बघत म्हणाला. कमलेशच्या डोळ्यांसमोरून टेम्पो हळूहळू निघून चालला होता.

पण मृणालबाईंना गाडी खरंच हवी होती. त्या खिडकीशी वाकल्या. "मावशी, मग तुम्हीच या ना माझ्याबरोबर. शनिवार-रविवारी छान समुद्र बघायला जाऊ."

भागुबाईनं त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"मी दुसऱ्याच्या गाडीत बसत न्हाय," ती म्हणाली आणि काच वर केली.