ॲलिसचा बँड

घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवायचा, अशी नवी टूम निघाली होती. पाली गावाच्या गल्लीत तो बँड कॅजिटनच्या दारात येऊन उभा राहिला. घर त्याच्या बायकोच्या नावावर, म्हणून वसुलीचे साहेब भोंग्यातून तिलाच हाका मारत होते, "थकबाकीदार ॲलिस, बाहेर या!" जणू ती माळ्यावर लपून बसली होती.

तिच्या आजारपणात दवाखान्यावर होतं नव्हतं ते गेलं, त्या वर्षीची घरपट्टी राहिली, आणि शेवटी ॲलिसही गेली. कॅजिटनने तिच्या मृत्यूचा दाखला पालिकेच्या खिडकीवर दोनदा दिला होता. "आधी बाकी भरा, मग नाव काढू," एवढंच उत्तर मिळालं.

मयताला न आलेली माणसंही आता मोबाइल काढून दारात उभी होती. शेजारचा रेनॉल्ड तेवढा ओरडला, "ओ साहेब, ती बाई मेली हाय! लाज न्हाय वाटत?"

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. "आमच्याकडे तर जिवंत आहे." पण त्यांनी हात वर केला आणि बँड थांबला.

तेवढ्यात कॅजिटन बाहेर आला. अंगात काळा कोट, हातात ॲलिसचा फोटो.

"थांबवला कशाला? वाजवा."

"अंकल, हे काय करताय?" साहेबांनी विचारलं.

 

"मयताला बँड पाह्यजे, बोललेली ती. तेव्हा मला न्हाय जमला. आता तुम्ही आणलाच हाय, तर सिमेंट्रीत तिच्या कबरीपर्यंत वाजवत चला."