पुढच्या चाकातला आवाज

आवाज काही येईना.

सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात गाडीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेजारच्या सीटवर मेकॅनिक कान देऊन बसला होता आणि स्टिअरिंगवर होती क्लचताई. हे नाव तिला गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं, कारण लोकांना गाडी शिकवताना दिवसभर तिच्या तोंडी तोच एक शब्द. अकरा वर्षं ती शिकवत होती. ही तिची तिसरी गाडी, आणि हिची वॉरंटी आज संध्याकाळी संपत होती.

“चेकअपमध्ये सगळं ओके आहे, मॅडम,” काउंटरवरचा माणूस सकाळीच म्हणाला होता. “शिकवणीची गाडी म्हटल्यावर थोडी खडखड व्हायचीच.”

“खडखड मला कळते. ही टकटक आहे, उजव्या चाकातली. भर चौकात, नवशिक्याच्या हातात गाडी असताना ते चाक जाम झालं, तर?”

“आमच्या माणसाने ऐकल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही.”

म्हणून ती स्वतः आवाज काढायला बसली. पण तो यायचा नवशिक्याच्याच हातून. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं, ॲक्सिलरेटरवर घाबरलेला पाय आणि क्लच एकदम सुटलेला. क्लचताईने जंग जंग पछाडलं, पाय ऐकेनात. क्लच आपला अलगद सुटायचा, नाहीतर गाडी मुकाट बंद पडायची.

“तुम्हाला वाईट चालवताच येत नाही,” मेकॅनिक वैतागून म्हणाला.

“मला नाही येत. एकीला येतं.” तिने फोन काढला.

अर्ध्या तासात मुख्याध्यापिकाबाई बसने आल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पाठ तशीच ताठ. त्यांच्या चपलांच्या आवाजाने एकेकाळी अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. क्लचताईकडे त्या पाच महिने शिकत होत्या आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. त्यांना गोडीगुलाबीने सांगायचं क्लचताईने ठरवलं होतं, पण त्या नजरेपुढे ते जमेना.

“बाई, मला गाडी वाईट चालवणारं माणूस हवंय.”

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. “म्हणजे मी.”

“म्हणजे तुम्ही.”

“कुठाय गाडी?”

मेकॅनिक शेजारी बसला, शिकवणीसाठी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. क्लचताई मागे. आणि बाईंनी गाडी काय सुरेख काढली! ना गचका, ना घरघर. जुन्या टायरांच्या ढिगाला त्यांनी असा वळसा घातला की मागच्या सीटवर क्लचताईचा जीव सुपाएवढा झाला. जे सांगून सांगून तिचा घसा बसला होता, ते सगळं आज बाईंच्या पायात उतरलं होतं. नेमकं आज!

मेकॅनिकने मागे वळून पाहिलं. “ह्या त्याच ना?”

“बाई, आज एवढं कसं जमलं?” क्लचताईने विचारलं.

“तुम्हीच म्हणालात, वाईट चालवा. मग चुकायची भीतीच उरली नाही.”

पावणेपाच वाजले होते. काय करायला हवं ते क्लचताईला लख्ख दिसत होतं, आणि नकोसंही वाटत होतं. तिने आवाज कोरडा केला.

“थांबा. आता ही परीक्षा समजा. हे साहेब परीक्षक. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवा आणि त्या भिंतीच्या कडेने गाडी काढा. एकच संधी आहे.”

बाईंची मान आखडली. बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. इंजिन ओरडलं, क्लच सुटला, गाडीने उडी मारली.

टक. टक-टक-टक.

मेकॅनिकने ब्रेक दाबला आणि हात वर केला. “आला!”

“चुकलं,” बाई पुटपुटल्या.

“अगदी बरोबर चुकलं,” क्लचताई म्हणाली. “पुन्हा तस्संच करा.”

पुन्हा तोच आवाज आला. मेकॅनिकने गाडी वर चढवून घेतली, विजेरीच्या उजेडात चाक हलवून पाहिलं आणि ती विझवली. “चाकाचा जॉइंट आतून झिजलाय. महिनाभरही टिकला नसता.” काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला. साडेपाचला त्यावर शिक्का बसला. गाडी दोन दिवस तिथेच राहणार होती.

दोघी बसस्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या. क्लचताईने एकदा घसा खाकरला. चाक वाचलं होतं, तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, तरी एक गोष्ट मनातून जाईना.

“बाई, ते परीक्षेचं... मी मुद्दाम घाबरवलं तुम्हाला. इतकी छान चालवत होतात.”

“कळलं होतं मला.”

“राग नाही आला?”

बाई रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होत्या, एकेका ड्रायव्हरच्या हातांकडे.

“कुठल्या तोंडाने येणार? एकतीस वर्षं मी पोरांना असंच घाबरवत आले,” त्या म्हणाल्या. “आणि वर्षाच्या शेवटी वर प्रगतिपुस्तकात लिहायचे, प्रगती असमाधानकारक.”