पान बंद करायचं बटण

मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत मागता यावी, अशी वेबसाइट मी एका संस्थेसाठी बनवत होते. कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेल्या बाईला ती जमते का, ते बघायला दादाकडे गेले आणि वहिनीच्या हातात फोन दिला. दोन मिनिटांत तिने अर्ज भरून दाखवला. मला हायसं वाटलं.

"पण पान झटकन बंद कसं करायचं?" तिने विचारलं.

"वर फुली आहे ना."

"ती फार बारीक आहे गं. हात कापत असला की सापडत नाही. चांगलं मोठं बटण दे. आणि ते दाबल्यावर हवामान वगैरे काहीतरी उघडू दे. कोरं पान दिसलं की 'काय लपवलंस' म्हणून आणखी..."

भराभर लिहून घेणारा माझा हात थांबला.

तेवढ्यात दार उघडून दादा आत आला. "काय गं, आज इकडे कशी वाट चुकलीस?"

"वहिनीला न्यायला आलेय," मी म्हणाले.