किलोचं वजन

बाळ चार किलो भरलं नाही तर आजच ॲडमिट करायचं ठरलं होतं. काट्यावरचा आकडा थांबला: तीन किलो नऊशे पन्नास. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"थांबा," सासरे म्हणाले. एके काळचे फेदरवेट बॉक्सिंग चॅम्पियन. घरात मात्र 'शंभर ग्रॅमवाले', कारण तेवढं वजन जास्त भरलं म्हणून न लढताच त्यांचा किताब गेला होता. "जीभ आवरली नाही!" सासूबाई आजही ऐकवतात.

सासऱ्यांनी खिशातून किलोचं लोखंडी वजन काढून, बाळाला उचलून रिकाम्या काट्यावर ठेवलं. आकडा आला नऊशे ग्रॅम.

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. दुसरा काटा आला, त्यावर बाळ चार किलो पन्नास ग्रॅम भरलं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

जिन्यात मी विचारलं, "बाबा, खिशात वजन घेऊन आलात?"

"त्या दिवशी नेलं नव्हतं ना," बाळाची टोपी सारखी करत ते म्हणाले. "मी दोन दिवसांचा उपाशी होतो, पोरी. जेवून आला होता तो काटा."