तीन पेडांची वेणी

कुंडलच्या पोरींची सहल जंगलातल्या निसर्ग निवासावर उतरली होती. सकाळी न्हाऊन आल्यावर समीक्षा मायाची वेणी घालायला बसली आणि रेश्मा आतनं जळली. रोज शाळेत जाताना समीक्षा वेणी घालायची ती रेश्माची.

"घाल जा तिचीच," म्हणून ती व्हरांड्यात आली आणि ओले केस कठड्यामागं सोडून फुगून बसली.

जरा वेळानं मागनं केसांत बोटं शिरली. आली मुकाट्यानं, म्हणून रेश्मा गालात हसली. "लय घट्ट नगं गं."

तेवढ्यात समोरच्या दारातनं समीक्षा आली. तिचं तोंड उतरलं.

"मला सोडून हिच्याकडनं घालून घेतीस व्हय? कोण गं ही?"

कठड्यामागं नुसती दरी होती. बोटांनी वेणी आणखी घट्ट आवळली.