छत्रीफुलोरा

"‘छत्रीफुलोरा’ हा शब्द तुम्हाला सुचला कसा, सर?" वनस्पतिकोशाच्या प्रकाशनात सत्कार आटोपल्यावर निवेदिकेनं विचारलं.

केळुसकर सर घुटमळले. एकदा शेपू निवडताना त्यांच्या पत्नीनं, इंदूताईंनी, फुलावर आलेली काडी त्यांच्यासमोर धरली होती. "बघा, सगळे देठ एकाच जागेतून फुटलेत, छत्रीच्या काड्यांसारखे. छत्रीफुलोराच म्हणा की!"

"निरीक्षण... म्हणजे, बरीच वर्षं..." सरांचा आवाज खोल गेला.

ओटीचा नारळ सांभाळत शेजारी उभ्या असलेल्या इंदूताई पटकन माईककडे वाकल्या. "झोपेतसुद्धा शब्दच शोधत असतात हो हे!"

सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. सरांना मान वर करवेना. कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी इंदूताईंचे मनापासून आभार मानले होते, वेळेवर चहा दिल्याबद्दल.